तमोकेतूची बाजू

टीव्हीवर जगाचा नाश होऊ लागला की खुर्ची पुढे ओढणारा आणि जग वाचलं की चिडणारा आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत एकच माणूस आहे. वरच्या मजल्यावरचे दिघेकाका.

दर रविवारी सकाळी अंतराळावरची एक मालिका लागते. कित्येक वर्षं चालू आहे. तीत तमोकेतू नावाचा खलनायक पृथ्वी जिंकायला येतो, मार खातो, यानासकट फुटतो आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा हजर. काकांचा जन्म प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात गेला. त्यामुळे यान फुटलं की ते वही काढून रीतसर फेल्युअर रिपोर्ट लिहीत. एकदा मी वाचला. ‘कारण : बॉयलरशेजारी दारूगोळा. जबाबदार : सुपरवायझर. उपाय : तमोकेतूसाहेबांनी राउंडला स्वतः जावे.’

“माणूस वाईट नाही हो, मेंटेनन्स वाईट. बराबर ने?” असं अर्ध्या गुजरातीत जिन्यात अडवून विचारायचे. बराबर म्हटल्याशिवाय सुटका नाही. तमोकेतूच्या एका वायसरपायी मला दोनदा शिकवणीला उशीर झाला आहे.

मालतीकाकू मात्र नायकाच्या बाजूच्या. “गेलं एकदाचं ते काळं ध्यान,” असं त्या कणीक मळता मळता म्हणायच्या, आणि मग जे जुंपायचं ते शेव-उसळ पार गार होईपर्यंत. आम्ही खाली टीव्ही लावतच नसू. वरून सगळी गोष्ट कळायची.

दिवाळीनंतर काकू गेल्या. मग रविवारी वरून नुसता टीव्हीचा आवाज यायचा.

परवाच्या रविवारी तमोकेतूचं यान थेट सूर्यात ढकललं. परत यायची सोयच ठेवली नाही. काकांनी मनाला लावून घेतलं असेल म्हणून मी वर गेलो.

“बेसो, बेसो,” काका म्हणाले. वही मिटलेलीच होती.

“वाईट वाटलं असेल ना, काका?”

“छे. नालायकच होता तो. असं यान कोणी चालवतं का?”

मी चाट पडलो. “मग इतकी वर्षं त्याची बाजू घेत होतात ती?”

“मी पहिल्यापासून घुम्या. वर्कशॉपातून घरी आलो की तोंड उघडायचो नाही. ती बिचारी कंटाळायची. एका रविवारी तिनं सहज विचारलं, हा काळा सारखा का हरतो हो? तेव्हा मी अर्धा तास बोललो. काय खूश झाली होती. मग म्हटलं, धरून ठेवू हीच बाजू.”

आणि काका गप्प झाले. ते गप्प बसणं मला बघवेना. मला नायकाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, तरी रेटून म्हणालो, “काही म्हणा, नायकापुढे त्याचा निभाव लागणारच नव्हता.”

काकांनी मान हलवली. “असं तोंडावर नाही. ती ओट्याशी असायची, पाठमोरी. तुम्ही जरा तिकडे तोंड करा ने.”

मी उठलो, ओट्याकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा म्हणालो.

मागून काका म्हणाले, “तुला काय कळतं गं यानातलं?”