अर्धी भाकरी आणि दिवेकर

घर दहा किलोमीटरवर आलं असताना रस्त्याच्या कडेला तंबू ठोकणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे दिवेकर.

येरवड्यात आम्ही वीस वर्षं शेजारी. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या सांभाळून निवृत्त झाले, मी मार्केट यार्डात पोती वाहून. माझं शिक्षण चौथी. त्यांचं किती ते ठाऊक नाही, पण कोणी अंगारा पुढं केला तरी हा माणूस विचारणार, "पुरावा काय?" पाऊस येईल म्हटलं तरी पुरावा. माझी बायको सुमन गेली तेव्हा लोक म्हणाले, देवाला आवडली. हे तिथंही बोलले, "पुरावा काय?" मी तेव्हाच हाणणार होतो.

त्याला सात महिने झाले. दाराचं कुलूप आता मीच काढतो. आत गेलं की भांड्याचाही आवाज नाही. म्हणून दिवेकर म्हणाले, चला सायकलवर, तेव्हा मी निघालो. कुठं, तर विजापूरला. गोल घुमटात आवाज सात वेळा फिरतो म्हणतात, ते यांना मोजायचं होतं. सत्तरीचा माणूस. बस जाते हो तिकडं.

वाटेत छळ नुसता. रोज तंबूची जागा ठरवताना अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून उतार बघायचे.

"झोपायचंय का इमारत बांधायचीय?"

"शिंदे, डोक्याकडं उतार नको."

घुमटात तर कहर. मला म्हणाले, तुम्ही ओरडा, मी मोजतो. माझ्या तोंडून सुमनचं नाव निघालं. ते वर फिरत राहिलं. मग बघतो तर यांची वही कोरी. साडेतीनशे किलोमीटर तंगड्या तोडल्या आणि मोजायलाच विसरले. परत ओरडा असंही म्हणाले नाहीत.

येताना भिगवणला चहा पिताना मी बोलून गेलो. म्हटलं, साधा सासवडहून आलो तरी सुमन मला दारात थांबवायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायावर पाणी घालायची, मगच आत घ्यायची. आता ते कुलूप काढायला हात धजत नाही. दिवेकरांनी कपातलं शेवटचं पिऊन घेतलं आणि म्हणाले, "भाकरीनं दृष्ट जाते, याला पुरावा काय?" मी पाटसपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी हडपसर आलं. म्हटलं, तासाभरात घर. तर हे उतरले, एका नर्सरीवाल्याला विचारलं आणि झाडांच्या कुंड्यांमागं बाटली आडवी ठेवली.

"अहो, घर आलं की."

"दिवेलागणीला पोचायचं नाही. अंधारात खड्डे दिसत नाहीत."

खड्डे दिवसा दिसून तरी कुणाला चुकलेत. त्यात रात्री जेवताना यांनी अर्धी भाकरी कागदात बांधून पिशवीत टाकली. मी भुकेला. मागितली तर म्हणाले, "ती कामाची आहे." बारा दिवस एका तंबूत काढले आणि अर्ध्या भाकरीला नाही म्हणाले.

सकाळी उठलो तर दिवेकर गायब. सायकल नाही. माझ्या घराची किल्ली त्यांच्याच पिशवीत, मी हरवतो म्हणून. तीही गेली. तो तंबू मी एकट्यानं गुंडाळला. दोऱ्यांची गाठ सुटेना तेव्हा एक शिवी सुचली. मुंढव्याच्या गर्दीत आणखी चार-पाच सुचल्या. त्या नीट पाठ करत घरी आलो, जिना चढलो.

दार उघडं होतं. खिडक्याही. उंबऱ्याच्या आत दिवेकर उभे, एका हातात सुमनचा तांब्या, दुसऱ्यात ती शिळी भाकरी.

"तिथंच थांबा. चपला काढा."

त्यांनी तुकडा माझ्यावरून ओवाळला. आधी उलटा, मग चुकलं वाटून सुलटा. टाकायचा कुठं ते कळेना, म्हणून जिन्याच्या खिडकीतून भिरकावला. पायावर एवढं पाणी ओतलं की खालच्या तीन पायऱ्या भिजल्या. पाठ केलेली एकही शिवी मला आठवेना.

"दिवेकर, याला पुरावा काय?"

"काही नाही," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "डोळ्यांना पाणी लावा आणि आत या. चहा कडू होतोय."

आत पातेल्यावरचं झाकण वाजत होतं.