पेट्रोल, बॅटरी आणि जावई

धूर मोजणं हा माझा धंदा आहे. उलानबातरच्या हवेच्या कचेरीत मी नोकरीला आहे. हिवाळ्यात शहराची हवा किती काळी झाली ते मी यंत्रावर बघतो, वहीत लिहितो आणि खोकत घरी जातो. त्यामुळे पर्यावरण या विषयावर मला कुणी शिकवायचं काम नाही, असं मी निदान यंदाच्या नववर्षापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

माझ्याकडे हायब्रिड गाडी आहे. पांढरी. म्हणजे निम्म्या शहराकडे आहे तशीच. जपानमधल्या कुणीतरी ती बारा वर्षं जपून वापरली आणि मग माझ्या गळ्यात घातली. पण काय गाडी आहे! उणे तीस अंशात पहिल्या बटणाला सुरू होते. थोडं पेट्रोल पिते, थोडी बॅटरी खाते, आणि सिग्नलला उभी असली की श्वाससुद्धा घेत नाही.

हे सगळं मला माझ्या सासऱ्यांना पटवायचं होतं. लुव्सानबाबा शहरापासून दोनशे किलोमीटरवर मेंढ्या पाळतात. त्यांच्याकडे एक जुनी रशियन व्हॅन आहे. ती सुरू झाली की शेजारच्या दरीतल्या मेंढ्या खोकतात. शिवाय माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण बाबांनी माझी कधी स्तुती केलेली नाही. लग्नाच्या दिवशी मला खालपासून वरपर्यंत बघून ते म्हणाले होते, "उंची बरी आहे." ती धरली तर एकदा.

यंदा मी ठरवलं होतं, की स्तुती घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

संधीही चालून आली. पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या सकाळी, म्हणजे आमच्या नववर्षाला, बाबा त्यांच्या थोरल्या भावाला भेटायला जातात. थोरले काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. खिंडीपलीकडे, चाळीस किलोमीटरवर त्यांचं गेर, म्हणजे गोल तंबूघर, आहे. गेली चाळीस वर्षं त्यांच्या दारात पहिला पाय बाबांचा पडतो. बाबांचा धाकटा भाऊ त्सेरेन हाही चाळीस वर्षं पहिला पोचायचा प्रयत्न करतोय आणि दुसरा पोचतोय. हा बाबांच्या आयुष्यातला फार मोठा आनंद आहे.

आदल्या संध्याकाळी मटण भरलेले वाफवलेले बूझ खाताना मी म्हणालो, "बाबा, उद्या व्हॅन राहू द्या. पहाटे उठून तिच्यात उकळतं पाणी ओता, खाली जाळ करा, कशाला? माझ्या गाडीतून चला. दोन लिटर पेट्रोल, आवाज नाही, धूर नाही. पर्यावरणासाठी एवढं केलंच पाहिजे आपण."

"गाडी आली कुठून?" बाबांनी विचारलं.

"जपानहून."

"चालत?"

"नाही, जहाजातून. मग रेल्वेतून."

"जहाज काय पितं?"

मी चहा प्यायलो.

"आणि ही बॅटरी मेली की तिला पुरता कुठे?"

"गॅरेजवाला घेतो ना परत."

"तो कुठे पुरतो?"

त्या गॅरेजच्या मागे बर्फात पडलेल्या चाळीसेक बॅटऱ्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून मी बूझ फार छान झालेत असं म्हणालो.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या गाडीतून जाऊ. पण मी दादाकडे दुसरा पोचलो ना, तर..." पुढचं त्यांनी मटणाबरोबर गिळलं.

माझ्या बायकोने, सोलोंगोने, मला चिमटा काढला. "अजून वेळ आहे. व्हॅन तयार ठेवा म्हणून सांग त्यांना."

"अगं, बॅटरी म्हणजे या गाडीचं काळीज आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मागच्या सीटखाली, त्या जाळीच्या आत. ती धडधाकट आहे तोवर काळजी नको."

हे वाक्य माझ्या सासूबाईंनी, खान्दआईंनी, लक्षपूर्वक ऐकलं. मला तेव्हा बरंच वाटलं, की घरात कुणीतरी माझं ऐकतंय.

सकाळी निघालो. मी चालवायला, बाबा शेजारी नव्या रेशमी अंगरख्यात, आणि मागे सोलोंगो, मांडीवर काकांसाठी उकडलेली मेंढीची अख्खी पाठ घेऊन. प्रवास शुभ व्हावा म्हणून आईंनी आमच्यामागे पळीने दूध शिंपडलं. ते मागच्या काचेवर जागच्या जागी गोठलं.

"मागे सगळं उबदार करून ठेवलंय हो," आई म्हणाल्या. सीटवर मेंढीचं कातडं अंथरलेलं मी पाहिलं होतं. मी म्हणालो, "कशाला त्रास घेतलात, आई."

पहिले तीस किलोमीटर माझ्या आयुष्यातले सोन्याचे. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवत होतो. "बघा बाबा, आत्ता नुसती बॅटरी. आत्ता दोन्ही. आत्ता परत बॅटरी."

"हं," बाबा म्हणाले. त्यांचा एक 'हं' म्हणजे मी अर्धी स्तुती धरतो.

मग चढ लागला आणि पडद्यावर एक लाल त्रिकोण उगवला.

"हे काय?"

"सूचना आहे, बाबा."

"कसली?"

"चांगलीच असणार."

खिंडीत पोचलो. तिथे दगडांचा मोठा पवित्र ढीग आहे, निळे रुमाल बांधलेला. त्याला तीन फेऱ्या घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी पुढे जात नाही. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी अर्धी झाली आणि गाडी गप्प झाली. गप्प ती नेहमीच असते, त्यामुळे मला कळायला जरा वेळ लागला.

बटण दाबलं. परत दाबलं. सोलोंगोने पुढे वाकून दाबलं. आता पडद्यावर लाल त्रिकोणाची सगळी भावकी जमली होती.

"अर्धी फेरी टाकून जायचं नाही," बाबा म्हणाले. "नववर्षाचा दिवस आहे. उतरा आणि ढकला."

तर ते स्टिअरिंगवर बसले, आणि उणे अठ्ठावीस अंशात मी आणि सोलोंगो ती हायब्रिड गाडी दगडांच्या ढिगाभोवती ढकलू लागलो. बाबांनी काच खाली केली.

"आत्ता बॅटरीवर चाललीय का रे?"

"नाही, बाबा."

"मग पेट्रोलवर?"

"नाही."

"मग कशावर?"

"जावयावर," सोलोंगो म्हणाली.

बाबा हसले. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला इतका अपमान वाटला आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की मी आणखी जोराने ढकललं.

फेरी पुरी झाली. खाली दरीत काकांचं गेर दिसत होतं, धुराड्यातून सरळ धूर. आणि दरीच्या पलीकडच्या टोकाने एक काळा ठिपका फटफट करत येत होता. मोटारसायकल.

"त्सेरेन," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. चाळीस वर्षं माझ्यामुळे पाण्यात जाणार होती. "बसा आत."

"बाबा, गाडी बंद आहे."

"उतार चालू आहे ना?"

आम्ही एक शेवटचा धक्का दिला आणि उड्या मारून आत बसलो. मग गाडी सुटली. तीन किलोमीटर गोठलेला उतार, बाबा स्टिअरिंगवर, आणि आवाज म्हणाल तर फक्त सोलोंगोचा. त्सेरेनकाकांचा रस्ता आमच्या रस्त्याला मिळतो, त्या वळणावर ते होते. त्यांना काहीही ऐकू न येता आम्ही त्यांच्या शेजारून गेलो. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ब्रेक जेमतेम लागत होता, तेव्हा शेवटी आम्हाला थांबवलं ते थोरल्या काकांच्या दारातल्या शेणाच्या ढिगाने.

थोरले काका काठी टेकत बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग खिंडीकडे पाहिलं.

बाबा उतरले. रीतीप्रमाणे हातांवर निळा रुमाल घेऊन त्यांनी भावाच्या कोपरांखाली आपले हात धरले. "दादा, सुखरूप आहेस ना?"

"सुखरूप. अरे लुव्सान, ही कसली गाडी? आवाज नाही, धूर नाही. पिते किती?"

"खिंडीपासून इथवर थेंबभर नाही," बाबा पापणी न हलवता म्हणाले. "जावयाची आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथेच गोठलं.

"वा! मग जरा वर नेऊन दाखव," काका म्हणाले.

"आधी चहा," बाबा म्हणाले.

चहानंतर मी मागची सीट उचकटली. बॅटरीला गार हवा मिळावी म्हणून जी जाळी असते, तिच्यावर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा होता. चार घड्या घातलेला. उंटाच्या केसांच्या दोऱ्याने चारी बाजूंनी शिवलेला. तो टाका सोलोंगोने लगेच ओळखला. मी आईंना फोन लावला.

"आई, बॅटरीवर नमदा तुम्ही शिवलात?"

"मग? तूच म्हणालास ना काळीज आहे म्हणून? एवढ्या थंडीत काळजाला वारा लागू द्यायचा का? लोक नुसत्या इंजिनावर पांघरूण घालतात."

मी फोन ठेवला आणि जाळी कशासाठी असते ते बाबांना सांगितलं.

"म्हणजे ही थंडीने नाही, उबेने मेली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"शहरातल्या वस्तूंचं काही खरं नाही."

दुपारी आई स्वतः व्हॅन घेऊन आम्हाला न्यायला आल्या. माझ्या गाडीने वर्षभरात वाचवलेला सगळा धूर त्या व्हॅनने जाता-येता परत केला. हे मी वहीत लिहिलं नाही. गाडी काकांच्या दारातच राहिली. बॅटरी मिळायला महिना लागेल, असं गॅरेजवाला म्हणाला.

तीन आठवड्यांनी कचेरीत फोन वाजला. बाबा. ते मला कधीच फोन करत नाहीत.

"जावई, गाडी चांगली आहे हं तुझी."

मी खुर्चीत बसलो. "खरंच, बाबा?"

"फार चांगली. वारा शिरत नाही, काचेतून ऊन येतं, मागची सीट आडवी होते. दादाची चौदा कोकरं आत आहेत. परवाच्या वादळात त्यातलं एकही मेलं नाही. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल तर थेंबभर लागत नाही. तू म्हणत होतास ते पर्यावरणाचं, ते पटलं मला."

मग म्हणाले, "बॅटरीची घाई करू नको."

बॅटरी आली, तिला आता दोन महिने झाले. ती घरात पलंगाखाली आहे. मी कचेरीत बसने जातो. अकरा वर्षांनी मिळालेली स्तुती आहे हो, गाडी सुरू करून ती घालवायची माझी छाती होत नाही.