विश्रांतीत पहिला नंबर

एकाच आठवड्यात दोघे जण भोवळ येऊन पडले, तेव्हा नकाशांच्या त्या ऑफिसातली ‘झोप उद्या, काम आज’ ही पाटी उतरली आणि ‘विश्रांती हीच प्रगती’ ही चढली. टेबलांवरचे ढीग मात्र जागचे हलले नाहीत. साहेबांनी प्रत्येकाच्या मनगटाला एकेक पट्टा बांधला. कोण किती तास झोपला, किती पावलं चालला, ते थेट साहेबांच्या फोनवर दिसे आणि सकाळी फळ्यावर नंबर लागत. शेवटच्या तिघांनी कमी झोपेचा लेखी खुलासा द्यायचा.

ड्राफ्ट्समन पहिल्याच दिवशी शेवटून दुसरा आला. आपली झोप मोजली जातेय, या धसक्यानेच त्याचा डोळा लागत नव्हता.

“या रविवारी तरी सायकल शिकवणार ना?” मुलीने विचारलं. मागचे तीन रविवार ऑफिसने गिळले होते.

“नक्की. आधी या झोपेचं बघतो.”

त्याची नजर सोफ्यावर गेली. मुक्कामाला आलेले सासरे चहा पिऊन झोपले होते. चहाच्या आधीही झोपलेलेच होते. त्याने पट्टा हळूच त्यांच्या मनगटाला बांधला आणि सकाळी काढून घेतला.

फळ्यावर अकरा तास लागले. पहिला नंबर.

“बघा, हा झोपतो तेही जीव तोडून,” साहेब म्हणाले. मग सगळ्यात ताजातवाना माणूस म्हणून इतरांचे रखडलेले नकाशे त्यांनी त्याच्याच टेबलावर आणून ठेवले. “रविवारी येऊन उरकून टाका. तुमच्यात दम आहे.”

सासऱ्यांना सगळं सांगावंच लागलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा कशातही नंबर आला नव्हता. ते इरेला पेटले. कुणी हाक मारली तर डोळे मिटूनच सांगत, “मी कामात आहे.”

“जावईबापू, काल किती?”

“नऊ. दुसरा आलो.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. शनिवारपर्यंत त्यांची झोप पार उडाली. “माझ्यामुळे तुमचं नाव खाली जातंय हो,” ते कसनुसे होऊन म्हणाले.

“बाबांनाही लावलंस कामाला,” बायको म्हणाली.

रविवारी मुलगी सायकल धरून दारात उभी होती. “पुढच्या रविवारी,” तो म्हणाला. सासऱ्यांना पट्टा बांधून तो निघाला.

अकराच्या सुमारास तो नकाशावरच डोकं टेकून घोरायला लागला. साहेबांनी फोन पाहिला. झोप शून्य, पावलं चार हजार, आणि वाढतच होती. रविवारीही कामावर आलेल्या बाकीच्यांना त्यांनी बोलावलं.

“शिका काहीतरी. हा झोपेतसुद्धा धावतोय.”

टाळ्यांनी ड्राफ्ट्समन जागा झाला. साहेबांनी कौतुकाने फोन त्याच्यापुढे धरला. पावलं भराभर वाढत होती. सत्तरीचा माणूस एवढा कशाला धावेल, हे त्याला क्षणभर कळेना. मग कळलं. तेवढ्यात आकडा एकदम थांबला.

“का हो, दमलात?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” तो फोनकडे बघत म्हणाला. “हात सोडला असेल. तिला जमलं.”