चार आण्यांचा पाऊस

‘आज पाणी येईल का?’ असं पुंजाजींना विचारलं, तर ते ‘येईल’ म्हणत नसत आणि ‘नाही’ही म्हणत नसत. आभाळाकडे तोंड करून अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत आणि सांगत, “सात आणे.”

रुपयाचे तेव्हा सोळा आणे. तरुणपणी पटवाऱ्याबरोबर पिकांची आणेवारी ठरवायला पुंजाजी पंच म्हणून शेतोशेत हिंडले होते. कपाशी दहा आणे, ज्वारी बारा. ते काम सुटलं, सवय मात्र सुटली नाही. पिकांवरून आभाळावर गेली. फाल्गुन-चैत्रात अवकाळी पावसाचा आणि गारांचा धाक लागला, की ते सकाळीच आमच्या मेडशी गावातल्या देवळापाशी वट्यावर येऊन बसत.

“उकाडा दोन आणे. वारा पडला, तीन. मुंग्या अंडे घेऊन निघाल्या, एक. झाले सहा.”

शेजारच्या किन्हीराजा गावाला वेगळे आणे, मेडशीला वेगळे. मेडशीतही खालच्या आळीला वेगळे. वरच्या आळीचे लोक एकदा भांडायलाच आले, “आमाले काहून दोन आणे जास्त? आमी काय घोडं मारलं?”

माझ्या शेजारच्या गिरजाबाईंनी एकदा ‘दहा आणे’ ऐकून अर्ध्या ओल्या कुरड्या घरात ओढल्या. दिवसभर लख्ख ऊन पडलं आणि कुरड्या आंबल्या. त्या वट्यावर गेल्या.

“तुमच्या दहा आण्यानं माह्या कुरड्या नासल्या, पुंजाजी.”

“मंग बाकीचे सहा आणे आले न, बाई. तेबी म्याच सांगतले होते.”

जेवायला बोलावलं तरी ते ‘बारा आणे येतो’ म्हणत. आमच्या घरी त्यांच्या नावाचं पान मांडून मग मी आणि बायको दोघंच जेवलो, असं दोनदा झालं.

मी इथल्या शाळेचा मास्तर, परगावाहून आलेला. अपूर्णांक शिकवणं हा माझ्या अभिमानाचा विषय. सोळातले चार म्हणजे किती, हे मी कित्येक पोरांच्या तळहातावर छडीनं उमटवलं होतं. हे सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कमी समजू नये. किंवा समजावं.

त्या चैत्रात घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे होते. फुटके काढायचे, धड ते नीट बसवायचे, हे पावसाळ्याआधी दरवर्षीचं काम. फेरणारा गडी एकच दिवस मोकळा होता, आणि घरात आमची पंधरा दिवसांची मुलगी होती. बायको म्हणाली, “आधी पुंजाजींना विचारा.”

त्यांनी बोटं मोजली. “चार आणे.”

“म्हणजे येत नाही,” मी म्हणालो.

“म्या चार आणे म्हणलं, मास्तर. लेकरू कोठी ठेवसान?”

“आतल्या खोलीत. तिचे कवेलू अगदी शेवटी काढू.”

घरी आलो तर गड्यानं शिडी आतल्या खोलीच्याच बाजूला लावलेली. तो म्हणाला, इकडून धरलं तर काम लवकर आटपेल. मीही विचार केला, चार आणेच तर आहेत. दुपारी तीनला आतल्या खोलीतून निळं आभाळ दिसत होतं. बायको बाजेवर मुलीला घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली होती.

चारला ते आभाळ काळं झालं. धूळ उठली, गडी शिडीवरून उतरून गोठ्यात शिरला आणि पहिली गार माझ्या टोपीवर पडली. घराला छप्पर म्हणून कुठं उरलंच नव्हतं, आणि गारांतून तान्ह्या मुलीला बाहेर नेता येत नव्हतं. मी काय केलं म्हणाल, तर हातात सापडलेलं सूप बायकोच्या डोक्यावर धरलं.

तेवढ्यात दारातून पुंजाजी आले. डोक्यावर बैलबंडीचे बांबूचे दोन तट्टे. त्यांनी दोन्ही तट्टे बाजेवर कौलासारखे उतरते टेकवले, वर तरट टाकलं, आणि वाऱ्याच्या अंगाला पाठ करून ते धरून उभे राहिले. दुसरी बाजू मी धरली. गारा त्यांच्या पाठीवर आपटत होत्या. आत मुलगी रडत होती. तो आवाज ऐकून बरं वाटत होतं.

पाऊण तासानं सगळं थांबलं. मुलगी कोरडी होती.

मला राग आला होता, खरं म्हणजे स्वतःचा. “तुम्हाला ठाऊक होतं, तर स्पष्ट का नाही सांगितलंत?”

“मले कायचं ठाऊक? चार आणेच होते.”

“मग इतक्या लवकर आलात कसे?”

उत्तर गिरजाबाईंनी दिलं. त्या कुडावरून बघत होत्या. “दुपारपासून माह्याच ओसरीत बसून होते, तट्टे घेऊन. असेच बसतेत ते लोकाच्या घरी. ज्याले कमी सांगतलं, त्याच्यापाशी.”

“ज्याले बारा आणे सांगतलं त्याले सोताचंच भेव असते,” पुंजाजी सदरा पिळत म्हणाले. “चारवाला निजून राह्यते.”

बायकोनं त्यांना कोरडं धोतर दिलं, चहा दिला आणि विचारलं, हे वेड लागलं कधी?

“आंधी घरातच सांगत होतो,” ते म्हणाले. “सकाळी चुलीपाशी. घरवाली पुसे, मी सांगो. थे गेली. मंग येऊन बसलो वट्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तट्टे न्यायला आले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, मलाही ते कळत होतं. बायको बाळाची दुपटी घेऊन अंगणात आली आणि त्यांच्यासमोर थांबली.

“बाबा, वाळत घालू का?”

पुंजाजींनी मान वर केली. पेरं मोजली, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजली. शाळेची वेळ होऊन गेली होती. मी दारात उभा राहिलो, आणि बायको ओली दुपटी हातात धरून त्यांचं मोजून होईपर्यंत थांबली.