आप्पासाबांची दहा फुटांवरची रेघ

निपाणीला आमच्या समोर राहणाऱ्या आप्पासाबांकडे गेलात तर पाणी नंतर मिळतं, आधी परीक्षा होते. ते तुम्हाला खुर्चीत बसवतात, स्वतः उभे राहूनच घड्याळ हातात घेतात आणि म्हणतात, "हात न टेकता उठा. रेघंपतूर चाला. वळा. या. बसा." दहा फुटांवर खडूची रेघ मारलेली असते. बारा सेकंदांत आलात तर चहा. उशीर झाला तर चहाबरोबर उपदेश.

बेळगावच्या एका दवाखान्यात त्यांनी जन्मभर पेशंटांना असंच चालवलं. कोण पडणार ते आधी ओळखायचं, हे काम. रिटायर झाले, पण काम सुटलं नाही. माणसाचं तोंड बघतच नाहीत, पाय बघतात. गल्लीत एक म्हातारा वारला, तर खांदेकऱ्यांकडे बघून म्हणाले, "मागचा डावीकडचा डुलतोय, बदला त्याला." बदलला.

आमच्या बस्तीचा, म्हणजे जैन देवळाचा उंबरा वीतभर उंच. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. आप्पासाब दारात उभे राहून म्हाताऱ्यांना सांगायला लागले, "पाय द्या वर! देव कायबी म्हणत न्हाई, मी इचारलंय." पंडितांनी त्यांना दारातून हटवलं.

माझे अठरा सेकंद झाले. हे गृहस्थ तेवढ्यावर थांबले नाहीत, माझ्या मुलाला सांगून आले. त्यानं माझं एकटीनं बस्तीला जाणं बंद केलं. मी आप्पासाबांना गल्लीला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. ते शांतपणे म्हणाले, "शिव्या देताना खांब धरलायसा, आक्का. उद्यापास्नं या."

महिनाभर मी त्यांच्या खिडकीचा गज धरून बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिले. अठराचे अकरा झाले. मुलानं बस्तीची बंदी उठवली.

त्या दिवशी घड्याळ मी ओढून घेतलं. "आता तुमी बसा."

"माझं कशाला? मी शिकवणारा."

"बसा!"

बसले. दोन्ही हात टेकून उठले. रेघेपाशी वळताना भिंत धरली. तेवीस. इतके दिवस ते आमच्यासमोर खुर्चीत का बसत नव्हते, ते तेव्हा कळलं.

रेघेकडे बघत हळू म्हणाले, "लेकीला सांगू नकासा. बेळगावला न्हील. घराला कुलूप लागंल."

"माझ्या पोराला सांगताना जीभ अडली न्हाई ती?" मी म्हटलं. "उद्यापास्नं गज धरायचा. आकडा खाली आला न्हाई, तर मीच फोन लावणार."

सध्या एकवीसवर आलेत.

सकाळी आम्ही दोघं बस्तीला जातो. उंबऱ्याशी मी हात पुढं करते. आप्पासाब उंबऱ्यावर पाय देतात, पंडित तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतात. माझा हात घट्ट धरून आप्पासाब म्हणतात, "तुमी पडशीला म्हणून धरतोय हं, आक्का."

"व्हय," म्हणते मी.