पंधरा दिवस पुढचं पत्र

आम्ही घरी लिहिलेली पत्रं पोस्टात पडण्याआधी वानखेडे वाचायचा. चोरून नव्हे. उघड, सोफ्यावर मांडी घालून, हातात लाल पेन घेऊन.

ही ऐंशीच्या दशकातली, ओहायोतल्या कोलंबसची गोष्ट. युनिव्हर्सिटीजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं राहायचो. पुण्याचा परांजपे, नागपूरचा वानखेडे आणि मी. वानखेडेचं पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं, माझं दुसरं. मी त्याला पहिल्या दिवशी ‘अहो वानखेडेसाहेब’ म्हणालो, तर तो म्हणाला, “अहो-जाहो केलं तर चहा मिळणार नाही बे.” मला चहा हवा होता. माझं नाव मात्र त्याने कधी घेतलं नाही. मी बार्शीचा, म्हणून त्याच्या लेखी मी ‘बार्शी’.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडलांची पिठाची गिरणी. त्यांना वाचता येतं, पण माझं पत्र ते दळण घेऊन आलेल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायचे, म्हणजे गावालाही कळायचं. हे डोक्यात असल्यामुळे मी पत्र लिहायचो ते शाळेतल्या निबंधासारखं. कपडे धुण्याच्या मशीनवर मी एकदा तीन पानं लिहिली होती. शेवटी ‘अशा प्रकारे कपडे स्वच्छ होतात’ असा समारोपही केला होता.

वानखेडेने तिन्ही पानांवर लाल फुली मारली. “हे पत्र आहे की टेंडर? आणि हे काय लिहिलं? ‘दोन दिवस खोकला आहे.’ कोणाला घाबरवून राहिला बे?”

“आहे खोकला. खोटं कसं लिहू?”

तेव्हा त्याने मला त्याचा सिद्धान्त समजावला. पत्र जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा दिवस. “म्हणजे तुझा खोकला तिकडे पोचेल तेव्हा तू ठणठणीत असशील. पण आई त्या दिवसापासून काळजी सुरू करेल. पत्र आजचं लिहायचं नसतं बार्शी. पोचेल त्या दिवसाचं लिहायचं.”

खोकला गेला. ‘एकटं वाटतं’ हेही गेलं, त्या जागी ‘अभ्यास भरपूर असतो’ आलं. ‘मी आनंदात आहे’ हेसुद्धा त्याने खोडलं. “आनंदात असलेला माणूस असं लिहिते का कधी? आईला लगेच समजते, काहीतरी बिघडलं. जेवायला काय केलं ते लिही.” एकदा मी बाहेर वीस डिग्री असल्याचं लिहिलं. इथली वीस डिग्री फॅरनहाइटमधली, म्हणजे नळ गोठतात, पण बार्शीत वाचणाऱ्याला वाटणार, मुलगा महाबळेश्वरला राहतो. मी खुलासा करायला गेलो तर वानखेडेने माझा हात धरला. “वीस डिग्रीच राहू दे. खोटंही नाही अन् काळजीही नाही. असं वाक्य रोज सुचत नाही.”

परांजपे कुरकुरायचा. “हा प्रायव्हसीचा प्रश्न आहे यार!”

“प्रायव्हसी पाहिजे तर आईला कशाला लिहितो? डायरी लिही.”

परांजपे चिडायचा आणि पत्र त्याच्यापुढे टाकायचा. कारण वानखेडेच्या हाताखालून गेलेल्या पत्राला घरून चांगली उत्तरं येत, हे खरं होतं.

माझ्या पहिल्या क्वालिफायरच्या वेळी या सिद्धान्ताची हद्द झाली. क्वालिफायर म्हणजे पीएचडीला राहायचं की नाही ते ठरवणारी परीक्षा. दोनदा नापास झालात की सामान बांधायचं. माझी परीक्षा गुरुवारी होती. आदल्या रविवारी मी घरी लिहिलं, ‘परीक्षा जवळ आली आहे, देवाला सांगा.’

वानखेडेने बोटं मोजली. “परीक्षा या गुरुवारी, रिझल्ट पुढच्या शुक्रवारी. पत्र पोचेल त्याच्या नंतरच्या सोमवारी. तेव्हा तू पास झालेला असशील. पास झालो लिही.”

“आणि नाही झालो तर?”

“तू? चार महिने तू पुस्तकाशिवाय जेवला नाहीस बे.”

इथे कुणीही शहाणा माणूस पेन खाली ठेवेल. मी ‘परीक्षा पास झालो’ असं लिहिलं. वर, अक्षर चांगलं यावं म्हणून एरोग्राम, म्हणजे घडी घालून चिकटवायचं ते हवाई पत्र, बदलून दुसऱ्यावर लिहिलं. खरं सांगतो, ते शब्द लिहिताना मला इतकं बरं वाटलं की पुढचे तीन दिवस अभ्यास जरा कमीच झाला.

शुक्रवारी थर्मोडायनामिक्सने मला पाडलं. प्रोफेसर सौम्यपणे म्हणाले की मे महिन्यात पुन्हा बसता येईल. मी “थँक यू सर” म्हणालो. नापास केल्याबद्दल आभार मानणारा त्यांना मीच पहिला भेटलो असेन.

घरी येऊन सांगितलं तर वानखेडे ताडकन उठला. “थांबव ते पत्र!”

पत्र तेव्हा मुंबईला पोचलं असेल. फोन गिरणीच्या आसपास कुठेही नव्हता. परांजपे म्हणाला, “टेलिग्राम कर यार.” पण आमच्याकडे तार येते ती कुणी गेल्याचीच. तार दिसली की वडील गिरणी बंद करणार, आई रडायला लागणार आणि त्यानंतर कुणीतरी तार उघडणार. तो विचारही सोडला.

मला परत जावंसं वाटत होतं. मेपर्यंत पुन्हा तेच पुस्तक, आणि तिकडे माझ्या नावाचे पेढे. दुसऱ्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या. ‘मी नापास झालो आहे. आधी पास लिहिलं ते खोटं होतं. पुन्हा बसायची हिंमत नाही. येऊ का?’ सवयीने पत्र वानखेडेपुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि काहीच खोडलं नाही. मग स्वतःच्या खोलीत गेला आणि तासाभराने एक एरोग्राम घेऊन आला. माझ्या वडलांच्या नावे.

“वाच,” तो म्हणाला. “चुकलं असेल ते खोड.”

त्यात लिहिलं होतं की खोटं तुमच्या मुलाने नाही, मी लिहायला लावलं. मी इथे आलो त्या वर्षी मला ताप आला आणि मी तो आईला कळवला. पत्र पोचलं तेव्हा मी बॅडमिंटन खेळत होतो. बरा झाल्याचं पत्र पोचलं ते ती गेल्यावर दोन दिवसांनी. शेजारचे सांगतात, ती माझ्या तापाचंच विचारत होती. तेव्हापासून मी कुणाच्या पत्रात आजचं दुखणं जाऊ देत नाही. पण तुमच्या मुलाला उद्याचं सुख लिहायला लावलं, तो गुन्हा माझा.

एका घरात दीड वर्ष राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. तो दुसऱ्यांची इतकी पत्रं वाचतो, तर त्याला स्वतःला पत्र का येत नाही, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला माझ्या खोकल्यातून सवड नव्हती. मी त्याचं आणि माझं, दोन्ही पत्रं तशीच चिकटवून दिली.

आधी आलं ते पेढ्यांचं पत्र. दिवसभर गिरणीवर सगळ्यांना फुकट दळण दिलं होतं आणि शाळेच्या फळ्यावर माझं नाव लागलं होतं. ते वाचताना मी अंगावर रजई ओढून घेतली. त्यानंतर दोन आठवड्यांनी दोन पत्रं एकत्र आली. मला आलेल्या पत्रात वडलांनी लिहिलं होतं, ‘नापास झालास ते कळलं. पेढे लोकांनी खाल्ले, ते काही परत येत नाहीत. तेव्हा यायचं नाव काढू नकोस. मेमध्ये पास हो, म्हणजे पेढे खरे होतील.’

दुसरं पत्र वानखेडेला होतं. ते त्याने कुणाला दाखवलं नाही. परांजपे म्हणाला, “आता का? आमची वाचतोस ना?” तर वानखेडे चक्क खोलीचं दार लावून बसला.

त्यानंतर तो मला विचित्र प्रश्न विचारायला लागला.

“बार्शी, तुझ्या वडलांचं वजन किती असेल बे?”

“काहून?” मी त्याच्याच भाषेत विचारलं.

“असंच. अन् गिरणीला पायऱ्या किती?”

मी पायऱ्या आठवून सांगितल्या. तो कुठल्याशा कागदावर लिहून घेऊन निघून गेला. मला वाटलं, सहा वर्षं पीएचडी केली की असं होत असावं.

मेमध्ये मी पास झालो. निकाल हातात पडल्यावरच घरी कळवलं, आणि पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत बार्शीला गेलो. वडील पॅन्टवर गुडघ्याला पट्टा बांधून गिरणीत बसले होते. पट्टा अमेरिकन होता.

“गुडघा कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली. तुला कशाला कळवायचं? तुझी पत्रं कशी सगळी खुशालीची. म्हटलं, याला दुखणीखुपणी सोसत नसतील. म्हणून त्या वानखेड्यांना लिहिलं. मोठा लाघवी माणूस. दर पंधरवड्याला विचारतो.”

माझी सुट्टी संपत आली तेव्हा त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढून दिला. आत पिठाने पांढरी झालेली वानखेडेची एरोग्रामं होती, माझ्या पत्रांपेक्षा कितीतरी जास्त. एकावरही लाल शाई नव्हती. मी सगळ्यात वरचं उघडलं.

‘काका, तीन दिवसांपासून दाढ दुखते आहे. एका बाजूनेच जेवतो. इथे थंडी फार आहे आणि बार्शी सुट्टीवर गेल्यापासून घरात करमत नाही. तुमचा गुडघा कसा आहे?’

“दाढ काढून झाली असेल एव्हाना,” मी म्हणालो.

“असेल की,” वडील म्हणाले. “पण तुझी आई आज सकाळीच कुणाकडून तरी लवंगेचं तेल घेऊन आली आहे. जाताना तेवढं घेऊन जा.”