बारा मीटर

मोजणीदाराने अंतर मोजायच्या चाकाची काठी भिंतीला टेकवली आणि बायकोला आकडा सांगितला, "एक हजार बारा."

बालवाडीत हजार मीटरच्या आतलीच मुलं घेत. अंतर धरायचं ते घराच्या मुख्य दरवाजापासून. म्हणजे तीन वर्षांची लेक बारा मीटरने नापास झाली होती, आणि बायकोची प्रयोगशाळेतली रजा पंधरा दिवसांत संपत होती.

"पुन्हा मोज," बायको म्हणाली.

"तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तर वळणावर अंग चोरून गेलो."

"मी सांभाळीन की," त्याची आई म्हणाली. "फक्त ती पळाली की मी जागेवरून हाका मारणार."

जेवताना मोजणीदाराची नजर स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर गेली आणि घास हातातच राहिला. त्या दारातून मागच्या रस्त्याने गेलं, तर घराची सगळी लांबी वाचत होती. चौदा मीटर.

रविवारी नावाची पाटी, घंटी आणि चपलांचं कपाट मागे गेलं. पुढच्या दाराला कडी लागली आणि कडीला सोफा. सोमवारपासून वर्तमानपत्र घासलेल्या भांड्यांत पडू लागलं. विमा एजंट थेट शेगडीपाशी प्रकटला, आणि त्याची पहिली योजना संपेपर्यंत दूध उतू गेलं.

"जन्मभर झाकून ठेवलेलं स्वयंपाकघर चव्हाट्यावर आणलंस," आई म्हणाली.

"त्यात झाकण्यासारखं काय आहे?"

"एका डब्याला त्याचं झाकण नाही. आता गावाला कळलं."

गुरुवारी बालवाडी कार्यालयाचा तपासनीस आला. बालवाडीपासून चाक फिरवत थेट पाटीखाली थांबला. नऊशे अठ्ठ्याण्णव. मोजणीदाराने बायकोकडे असं पाहिलं, की जणू ते दोन मीटर त्याने स्वतःच्या हाताने घडवले होते.

पाणी पिता पिता तपासनिसाने दाराबाहेर डोकावलं. "हा रस्ता बालवाडीच्या विभागात नाही."

"कसा नाही?"

"पुढची गल्ली त्या विभागात. हद्द या मागच्या भिंतीवरून जाते. दार ज्या रस्त्यावर उघडतं, तो विभाग धरतात. तुम्ही मोजणीदार ना?"

बायकोने कोपऱ्यातल्या नवऱ्याच्या चाकाकडे पाहिलं. तेच जास्त लागलं.

"मग पाटी पुढे नेऊ या," आई लगबगीने उठली.

"थांबा." तपासनीस वही चाळत होता. "या मागच्या विभागात बालवाडीच नाही."

"एवढंच राहिलं होतं," बायको म्हणाली.

"म्हणून इथल्या मुलांना शेजारच्या विभागातल्या, म्हणजे तुम्हाला हव्या त्याच बालवाडीत आधी घ्यायचं. नियम आहे. दार मात्र हेच ठेवा. इथे सही करा."

बायकोने सही केली, कागद वाचलासुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदाच. आई निमूटपणे डब्यांना झाकणं शोधायला लागली.

"आणि अंतर?" मोजणीदाराने विचारलं.

"या विभागाला अंतराची अट नाही."

"म्हणजे नऊशे अठ्ठ्याण्णव कुठेच लिहिणार नाही?"

"रकानाच नाही हो."

तपासनीस रस्त्यावर पोहोचला, तोवर मोजणीदार मागून धावत आला. त्याच्या हातात घराचा, दोन्ही दारांचा आणि प्रत्येक वळणाचा नकाशा होता. "निदान फाइलला तरी लावा."

तपासनिसाने नकाशा उजेडात धरून मनापासून पाहिला. "सुरेख काढलाय," म्हणाला. मग त्याची व्यवस्थित चार पदरी घडी घातली आणि तिनेच चाकाला लागलेला चिखल पुसून काढला.